बालवाडीत शिकवायचे आहे? बारावीनंतरचा मार्ग असा निवडा

बालवाडीत शिकवायचे आहे असे एखादी मुलगी घरी सांगते, तेव्हा अनेक घरांत ठरलेले उत्तर मिळते: त्यासाठी एवढे शिकायला कशाला हवे, सहा महिन्यांचा एखादा कोर्स कर आणि जवळच्या नर्सरीत लाग. हे उत्तर काळजीपोटीच दिलेले असते, पण ते फार महागात पडते. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेऊन नोकरी मिळते खरी, मात्र पुढे चांगल्या शाळेची किंवा सरकारी जागेची जाहिरात निघाली की हे प्रमाणपत्र पात्रतेत बसत नाही असे कळते आणि बारावीनंतरच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे. कोर्सची जाहिरात पाहून मार्ग निवडू नका. आपल्याला नेमक्या कोणत्या वर्गात, कोणत्या मुलांसमोर उभे राहायचे आहे हे आधी ठरवा, त्या वर्गासाठी कोणती पात्रता मागतात ते शोधा आणि मग ती पात्रता खरोखर देणारे कॉलेज गाठा.

हा उलटा क्रम आवश्यक ठरतो याला कारण आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण आपल्याकडे बराच काळ औपचारिक व्यवस्थेच्या उंबरठ्याबाहेर राहिले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला, पण त्याहून लहान मुलांसाठी सरकारने पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय करावी एवढेच कलम 11 मध्ये सुचवले, बंधन घातले नाही. त्यामुळे पहिलीच्या शिक्षकाला काय शिकलेले असावे हे काटेकोर ठरले, तर बालवाडीच्या ताईबाबत मात्र प्रत्येक संस्थेने आपापल्या सोयीचा अर्थ लावला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे चित्र बदलायला घेतले. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून तीन ते आठ वयोगटाचा एकच पायाभूत स्तर मानला गेला, ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि गोव्याने तर 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून या स्तराची अंमलबजावणी सुरू केली. नियम असे बदलत असताना आज प्रवेश घेणाऱ्या मुलीने आणखी दहा वर्षांनीही चालेल अशी पात्रता मिळवलेली बरी.

आधी वर्ग ठरवा

अंगणवाडी, खासगी बालवाडी, मोठ्या शाळेला जोडलेले शिशुवर्ग, केंद्रीय विद्यालयाची बालवाटिका, म्हणजे तिथले पहिलीच्या आधीचे वर्ग, आणि पहिली-दुसरीचा वर्ग ही कामे बाहेरून सारखी दिसली तरी त्यांची दारे वेगवेगळी आहेत.

अंगणवाडीचे दार कॉलेजातून जातच नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविका ही गावातली, त्याच वस्तीतली स्त्री असावी हे तत्त्व कायम आहे. महाराष्ट्रात सेविकेच्या निवडीसाठी आता किमान बारावी उत्तीर्ण ही अट आहे, स्थानिक रहिवास लागतो आणि वयाची मर्यादा असते. या पदाला वेतनश्रेणी नाही, मानधन मिळते. कामही केवळ शिकवण्याचे नाही. पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणासाठी मुलांना जमवणे, गरोदर आणि स्तनदा मातांच्या भेटी हे सगळे त्यात येते. समाजात मिसळून काम करण्याची आवड असलेल्या मुलीला हे काम फार मोठे समाधान देऊ शकते, पण दिवसाचे चार तास फक्त मुलांसोबत घालवायचे आहेत अशी कल्पना असेल तर ती इथे पूर्ण होणार नाही. पदवी असेल तर पुढे पर्यवेक्षिका, म्हणजे मुख्यसेविका, होण्याची वाट उघडते, म्हणून अंगणवाडीत जाणाऱ्या मुलींनीही बारावीवर थांबू नये असे मला वाटते.

खासगी बालवाड्यांमध्ये अट संस्थेगणिक बदलते. काही ठिकाणी बारावी आणि बरे इंग्रजी एवढ्यावर नेमणूक होते, तर काही शाळा दोन वर्षांच्या पदविकेखाली अर्जही पाहत नाहीत. ज्या शाळांत तुम्हाला खरोखर काम करावेसे वाटते अशा तीन-चार शाळा निवडा, तिथल्या मुख्याध्यापिकांना भेटून तुमच्याकडच्या ताई काय शिकलेल्या आहेत असे थेट विचारा. माहितीपत्रकात सापडणार नाही असे बरेच काही या एका प्रश्नातून कळते.

केंद्रीय विद्यालयांनी बालवाटिका सुरू केल्यापासून तिथल्या शिक्षकपदासाठी जी पात्रता मागितली जाते, ती या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी मापदंड आहे. बारावीला किमान 50 टक्के गुण, आणि त्यावर पूर्वप्राथमिक शिक्षणाची किमान दोन वर्षांची पदविका किंवा नर्सरीसाठीचे खास बी.एड., तेही मान्यताप्राप्त संस्थेतून. या नेमणुका कंत्राटी असतात हे लक्षात ठेवा. पण ही अट संस्थेच्या मर्जीतून आलेली नाही, राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने 2014 मध्ये ठरवलेल्या किमान पात्रतेवर ती बेतलेली आहे. म्हणून माझा सल्ला असा की नोकरी कुठेही करायची असो, मार्ग निवडताना ही अट समोर ठेवावी. ती पूर्ण झाली तर पूर्वप्राथमिकची बहुतेक दारे उघडी राहतात.

दोन वर्षांच्या पदविका

राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेला सगळे एनसीटीई म्हणूनच ओळखतात. तिच्या नियमांत पूर्वप्राथमिकसाठी डी.पी.एस.ई. ही दोन वर्षांची पदविका आहे. बारावीला 50 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना नियमांनुसार सवलत मिळते आणि बारावी कोणत्या शाखेतून केली याला महत्त्व नसते. बालविकास, भाषेची सुरुवात, गणिताच्या पूर्वतयारीचे खेळ, आरोग्य आणि पोषण, पालकांशी संवाद आणि प्रत्यक्ष शिशुवर्गातली आंतरवासिता असा तिचा आशय असतो. तीन ते सहा वयोगटातच काम करायचे आहे याबद्दल ज्यांच्या मनात शंका नाही, त्यांच्यासाठी बारावीनंतरचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. अडचण एवढीच की महाराष्ट्रात या पदविकेची मान्यताप्राप्त महाविद्यालये डी.एल.एड.च्या मानाने फार कमी आहेत, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यात वसतिगृहात राहण्याची तयारी ठेवावी लागते.

डी.एल.एड., म्हणजे जुन्या बोलीतले डी.एड., जवळपास प्रत्येक जिल्ह्यात मिळते आणि घरच्यांनाही ते ओळखीचे असते. पण ते पहिलीपासून पुढच्या प्राथमिक वर्गांसाठी आखलेले आहे. त्यात मुलांचे मानसशास्त्र असते, पाठटाचण असते, सरावपाठ असतात, पण ते सारे सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला समोर ठेवून. साडेतीन वर्षांचे मूल पाच मिनिटांहून अधिक एका जागी बसत नाही, त्याला वर्गात शी झाल्यावर काय करायचे, दोन मुलांनी एकाच बाहुलीचे दोन पाय धरून ओढाओढ सुरू केल्यावर काय बोलायचे, याचे उत्तर डी.एल.एड.च्या वहीत सापडत नाही. मात्र या पदविकेचा एक मोठा फायदा आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण केली आणि पुढे अभियोग्यता चाचणी दिली, तर पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या भरतीत उतरता येते. ज्या मुलीला लहान मुले आवडतात पण कायम नोकरीची शाश्वतीही हवी आहे, तिने डी.एल.एड. करून पहिली-दुसरीच्या वर्गाचे ध्येय ठेवणे हा पूर्ण सन्मानाचा आणि शहाणपणाचा पर्याय आहे. पायाभूत स्तरात पहिली-दुसरी येतेच.

इथे बी.एड.बद्दलचा एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. बी.एड. मोठी पदवी आहे, म्हणून लहान वर्गांना ती आपोआप चालेल असे अनेक पालक धरून चालतात. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, कारण लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि बी.एड. त्यासाठी घडवत नाही. जी पदवी पाचवीपर्यंत पुरेशी मानली गेली नाही, ती बालवाडीला पुरेल असे समजणे चुकीचे आहे. केंद्रीय विद्यालयाच्या अटीत जे बी.एड. म्हटले आहे ते नर्सरीसाठीचे खास बी.एड. आहे, नेहमीचे नव्हे. पदवीनंतर दोन वर्षे आणि बरेच पैसे घालून साधे बी.एड. करायचे आणि मग शिशुवर्गात अर्ज करायचा, हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

पदवीचा रस्ता

घरची परिस्थिती तीन-चार वर्षे शिकू देणारी असेल, तर मानवविकास या विषयातली पदवी हा माझ्या मते सर्वांत समृद्ध पाया आहे. गृहविज्ञान या नावामुळे लोकांना अजूनही स्वयंपाक आणि शिवण एवढेच आठवते, पण या शाखेतल्या मानवविकास विभागांत गर्भावस्थेपासून वृद्धापकाळापर्यंतचा विकास, मुलाचे निरीक्षण करण्याच्या पद्धती, कुटुंबाचा अभ्यास, अपंगत्वाची लवकर ओळख आणि प्रयोगशाळा म्हणून चालवलेली बालवाडी हे सगळे शिकवले जाते. मुंबईत जुहूचे सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय यांची या क्षेत्रात जुनी ओळख आहे. यांतले पहिले महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे, आजच्या एसएनडीटीचे. मराठवाड्यातल्या मुलींसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, जिथे मानवविकास आणि कौटुंबिक अभ्यासाचा विभाग आहे. कृषी विद्यापीठात बालविकास शिकवतात हे कित्येकींना ठाऊकच नसते. तिथली पदवी चार वर्षांची आहे आणि प्रवेश कृषी अभ्यासक्रमांच्या प्रक्रियेतून होतो, म्हणून बारावीची कोणती शाखा आणि कोणते विषय चालतात हे अकरावीलाच पाहून ठेवावे.

या पदवीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती ज्ञान देते, शिक्षक म्हणून लागणारी अधिकृत पात्रता देत नाही. खासगी शाळा, संस्था आणि बालकांसाठीचे प्रकल्प तिची कदर करतात, पण सरकारी अटीत दोन वर्षांची पूर्वप्राथमिक पदविका लिहिलेली असेल तर पदवीच्या जोरावर अर्ज टिकत नाही. म्हणून मानवविकासाची पदवी घेणाऱ्या मुलीने त्यानंतर मान्यताप्राप्त पदविकेचे नियोजन सुरुवातीपासून करावे. वेळ लागतो हे खरे, पण अशी मुलगी पुढे शाळेची प्रमुख, अभ्यासक्रम तयार करणारी किंवा शिक्षकांना घडवणारी होऊ शकते.

पदवी आणि शिक्षकाची पात्रता दोन्ही एकत्र देणारा नवा मार्ग म्हणजे चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम, ज्याला आयटीईपी म्हणतात. 2023-24 मध्ये देशातल्या 57 संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. प्रवेशासाठी एनसीईटी नावाची राष्ट्रीय सामाईक परीक्षा असते आणि ती मराठीतूनही देता येते. या कार्यक्रमात शाळेच्या चार स्तरांपैकी एक स्तर निवडायचा असतो आणि त्यांतला पहिला पायाभूत, म्हणजे थेट तीन ते आठ वयोगटाचा आहे. राष्ट्रीय धोरणाने 2030 पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पदवी व्हावी असे उद्दिष्ट ठेवले आहे, त्यामुळे दूरचा विचार करणाऱ्या मुलीने हा पर्याय पहिल्या क्रमांकावर तपासावा. पण एक खबरदारी घ्या. प्रत्येक संस्थेत चारही स्तर शिकवले जातातच असे नाही. अनेक ठिकाणी फक्त माध्यमिक किंवा मधला स्तर असतो. अर्ज भरण्याआधी त्या संस्थेला पायाभूत स्तराची मान्यता आणि जागा आहेत का, हे लेखी विचारून घ्या. शिवाय बी.ए.-बी.एड. आणि बी.एस्सी.-बी.एड. या जुन्या एकात्मिक अभ्यासक्रमांशी त्याची गल्लत करू नका.

अकरावीत असलेल्या वाचकांसाठी एक छोटी गोष्ट. महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक मंडळात बालविकास हा ऐच्छिक विषय आहे. तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकवत असतील तर नक्की घ्या. हे काम आपल्याला आवडेल का, याचा अंदाज दोन वर्षे आधीच येतो.

मॉन्टेसरी आणि छोटे कोर्स

मॉन्टेसरी हे नाव वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे पंधरा दिवसांच्या शिबिरापासून वर्षभराच्या गंभीर प्रशिक्षणापर्यंत सर्व काही याच नावाखाली विकले जाते. मारिया मॉन्टेसरी 1939 मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या आणि युद्धकाळात भारतातच राहून त्यांनी शेकडो शिक्षक घडवले, तेव्हापासून ही परंपरा आपल्याकडे खोल रुजलेली आहे. त्यांनीच 1929 मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे एएमआयची, तीन ते सहा वयोगटाची पदविका ही या पद्धतीतली सर्वांत कसदार पात्रता मानली जाते. विद्यार्थिनीला प्रत्येक साधनाच्या मांडणीची टिपणवही स्वतः तयार करावी लागते, तासन्‌तास मुलांचे निरीक्षण करावे लागते आणि शेवटी लेखी व तोंडी परीक्षा असते. मॉन्टेसरी शाळेतच काम करायचे ठरवले असेल तर ती उत्तम. सरकारी पात्रतेची जागा मात्र ती घेत नाही.

इग्नूची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका बारावीनंतर घरबसल्या करता येते. तिचे वाचनसाहित्य चांगले आहे, आणि आधीच बालवाडीत काम करणाऱ्या, पाळणाघर चालवणाऱ्या किंवा संसार सांभाळून नव्याने सुरुवात करणाऱ्या स्त्रियांना ती उपयोगी पडते. तिच्याकडे ज्ञानासाठी पाहा, भरतीची पात्रता म्हणून पाहू नका. राज्याच्या कौशल्य मंडळाचे वर्षभराचे अभ्यासक्रम आणि खासगी साखळी शाळांचे स्वतःचे प्रशिक्षण यांनाही हेच लागू होते. साखळी शाळेचे प्रमाणपत्र त्याच साखळीत वजनदार असते, तिच्या बाहेर पडले की त्याचा भाव उतरतो. मुले दाखवतही नाहीत असे पूर्णपणे ऑनलाइन कोर्स मात्र कोणत्याही कारणाने घेऊ नयेत.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा

प्रवेशाआधी प्रत्यक्ष कॉलेजात गेल्याशिवाय निर्णय घेऊ नका, आणि गेल्यावर स्वागतकक्षातल्या चकचकीत फोटोंपुढे न थांबता पुढे काय पाहायचे ते ठरवून जा.

पहिली गोष्ट म्हणजे मान्यता. एनसीटीई मान्यता संस्थेला सरसकट देत नाही, अभ्यासक्रमागणिक देते. बी.एड.ची मान्यता असलेल्या कॉलेजाला डी.पी.एस.ई.चीही असेलच असे नाही, आणि फलकावर मोठ्या अक्षरांत एनसीटीई मान्यताप्राप्त असे लिहिलेले असले तरी ती मान्यता नेमकी कशाची हे त्यावर नसते. मान्यतेच्या आदेशाची प्रत मागा, त्यात अभ्यासक्रमाचे नाव आणि प्रवेशक्षमता वाचा, आणि एनसीटीईच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ती पडताळून पाहा. प्रत दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठून यावे, मग फी कितीही कमी असो.

दुसरी गोष्ट म्हणजे मुले कुठे आहेत. बालवाडी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजच्या आवारात किंवा चालत जाण्याच्या अंतरावर एक रोज भरणारी बालवाडी असायलाच हवी. ती आहे का, तिच्यात किती मुले आहेत, छात्राध्यापिका तिथे आठवड्यातून किती दिवस जातात आणि मार्गदर्शक प्राध्यापिका त्यांच्यासोबत वर्गात बसतात की नुसती हजेरीची सही करतात, हे विचारा. 2013 च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने तीन ते सहा वयोगटासाठी वीस मुलांमागे एक मोठी व्यक्ती असे प्रमाण सांगितले आहे. सरावासाठी जोडलेल्या बालवाडीतच चाळीस मुलांना एक ताई असेल, तर चांगला वर्ग कसा असतो हे विद्यार्थिनीला तिथे कधी दिसणारच नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक जण कधीच मागत नाहीत, पण माझ्या मते सर्वांत जास्त तीच बोलते. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीची निरीक्षणवही तिच्या परवानगीने पाहा. मुलांची नावे झाकलेली असतील, तरी मजकूर दिसेल. काही कॉलेजांत तुम्हाला अशी वाक्ये सापडतील: मूल हुशार आहे, खेळकर आहे, सहकार्य करते. ही वाक्ये कोणत्याही मुलाबद्दल, वर्गात न जाताही लिहिता येतात. आणि काही कॉलेजांत असे लिहिलेले सापडेल: मणी ओवताना दोरा तीन वेळा निसटला, चौथ्या वेळी मुलीने दोऱ्याचे टोक ओठांनी ओले करून पीळ दिला, शेजारच्या मुलाने मणी मागितला तेव्हा तिने लाल मणी स्वतःकडे ठेवून हिरवा दिला. एवढ्या चार ओळींत त्या मुलीच्या बोटांची पकड, अडचण सोडवण्याची रीत, रंगांची ओळख आणि सोबत्याशी वागणे हे सगळे आले आहे. ज्या कॉलेजात असे पाहायला शिकवतात ते कॉलेज चांगले, त्याची इमारत जुनी असली तरी.

साधनांची खोलीही पाहा. कपाटात आणलेली साधने किती आणि विद्यार्थिनींनी स्वतः केलेली किती, हे लगेच कळते. बालशिक्षणाच्या कार्यकर्त्या ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या कामाला सुरुवात केली, पुढे बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी बालवाडी उभी केली, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातल्या वस्तू वापरल्या. मुलांना बालवाडीकडे आणता येत नसेल तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार त्याच मातीतला. महाराष्ट्रात बालशिक्षण शिकणाऱ्या मुलीला हा वारसा कॉलेजात समजावून दिला जातो का, आणि चिंचोके, भेंडीचे ठसे, कापडाच्या चिंध्या घेऊन पाठ तयार करायला तिला बसवले जाते का, हे मला फीच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटते. नोकरीला लागल्यावर साधनांचे भरलेले कपाट प्रत्येक शाळेत मिळत नाही.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. मराठी माध्यमाच्या मुलींना भीती असते की इंग्रजीतून शिकलो नाही तर नोकरी मिळणार नाही. शहरातल्या खासगी शाळांत बोलण्यापुरते इंग्रजी लागते हे खरे आहे, आणि ते पदविकेच्या दोन वर्षांत सवयीने येते. पण बालविकासासारखा विषय ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्या भाषेत शिकलेला अधिक पक्का बसतो. राष्ट्रीय धोरणही लहान वर्गांत शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावे असेच सांगते. तुमच्या पट्ट्यातल्या मुलांच्या घरी अहिराणी, वारली, गोंडी किंवा कोंकणी बोलली जात असेल आणि ती तुम्हाला येत असेल, तर मुलाखतीत ते आवर्जून सांगा. पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेत दोन शब्द बोलू शकणारी ताई कोणत्याही शाळेला हवी असते.

फीबद्दल थोडक्यात. शिकवणी शुल्काखेरीज प्रवेश, परीक्षा, साधने, सहल, गणवेश आणि वसतिगृह यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या आणि दोन वर्षांची बेरीज करा. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. राज्याने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकवणी आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली आहे, पण त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. तुम्ही निवडलेला अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधीच विचारा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र आणि वैधता, नॉन-क्रीमीलेअर हे कागद बारावीच्या निकालाची वाट न पाहता काढून ठेवावेत, कारण निकालानंतर सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात.

निर्णयाआधी थोडे दिवस वर्गात बसा

शक्य असेल तर बारावीच्या परीक्षेनंतर, शाळा-बालवाड्यांना उन्हाळी सुटी लागण्याआधीचे दिवस वापरा. गावातल्या अंगणवाडीत किंवा ओळखीच्या बालवाडीत परवानगी घेऊन आठवडाभर बसा. मदत करा, पण शिकवायला जाऊ नका. डब्याची वेळ नीट पाहा. पंधरा-वीस डबे एकदम उघडतात, कोणाचे झाकण निघत नाही, कोणाची भाजी सांडते, एखादे मूल पोळीचा तुकडा हातात धरून आईची आठवण काढत बसते, आणि अनुभवी ताई आवाज न चढवता, कोणाला भरवण्याऐवजी झाकणाचा एक कोपरा सैल करून उरलेले काम त्या मुलाकडेच देते. या अर्ध्या तासात तुम्हाला थकवा येतो की उत्सुकता वाटते, हे स्वतःशी प्रामाणिकपणे पाहा. फक्त मुले गोड दिसतात म्हणून हे क्षेत्र निवडलेल्या मुली लवकर दमतात. एकच गाणे, एकच गोष्ट पंधराव्यांदा तितक्याच मनापासून सांगण्यात ज्यांना अर्थ वाटतो, त्या टिकतात.

मुलग्यांनीही हा मार्ग निवडावा असे मला मनापासून वाटते. अंगणवाडी सेविकेचे पद स्त्रियांसाठी आहे, पण पदविका, पदवी आणि एकात्मिक कार्यक्रमाची दारे मुलग्यांना खुली आहेत. प्रवेशाआधी ते कॉलेज केवळ महिलांसाठी नाही ना, एवढे पाहून घ्यावे. ज्यांना विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत काम करायचे आहे, त्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले विशेष शिक्षणाचे पदविका अभ्यासक्रम स्वतंत्रपणे पाहावेत, कारण तिथे मान्यता देणारी संस्था एनसीटीई नसून ही परिषद आहे.

पहिल्या वर्षी हवी ती जागा मिळाली नाही, तर घाईने एखाद्या अमान्य संस्थेत पैसे भरू नका. त्या वर्षी जवळच्या बालवाडीत मदतनीस म्हणून काम करा, कामाचे पत्र घ्या, निरीक्षणवही स्वतःच सुरू करा आणि एनसीईटी किंवा पदविकेच्या पुढच्या फेरीची तयारी करा. कोणत्याही खासगी संस्थेत प्रवेश घेताना मूळ गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला जमा करून ठेवू नका. पडताळणी झाली की ते परत घ्या, झेरॉक्स द्या, आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची शिक्का असलेली पावती त्याच दिवशी मागून घ्या.